नमुन्याच्या घरातल्या आत्या

आत्यांबद्दल चार ओळी लिहून द्या, असा त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. लिहिण्याची मला सवय नाही. उभ्या आयुष्यात जे काही लिहिलं ते गोदामातल्या मालाच्या पावत्यांवर. दुसरं म्हणजे, मी त्यांना ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या मूळच्या कुठल्या, लग्न झालं होतं की नाही, झालं असेल तर पुढे काय झालं, भावाकडे राहायला कशा आल्या, यातलं मला काहीच ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही आणि त्यांनी आपणहून कधी विषय काढला नाही. आमची ओळख दुपारच्या चहापुरती.

पण भाची ऐकेना. म्हणाली, "काका, तिच्या इमारतीतले लोक एक छोटं पुस्तक काढतायत. सुरुवातीला राहायला आले आणि आता नाहीत, अशांबद्दल. आत्याबद्दल सगळे म्हणतात, फार चांगली बाई होती. ते काय, सगळ्यांबद्दलच म्हणतात. तुम्ही लिहा."

म्हणून बसलो आहे. चुकलंमाकलं तिने सुधारून घ्यावं.

शहराच्या कडेला काचेचा एक बंद पडलेला कारखाना होता. तो पाडून तिथे सरकारी पैशातून स्वस्त घरं बांधायचं ठरलं, ज्यांचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला अशा लोकांसाठी. जमीन सरकारची, बांधकामाचा बराचसा पैसाही सरकारचा, आणि राहायला येणाऱ्याने उरलेली रक्कम भाड्याहून कमी हप्त्यांनी सावकाश फेडायची, अशी ती योजना होती. मी तिथे गोदाम सांभाळायला होतो. सरकारचा पैसा मी कधी नोटांच्या रूपात पाहिला नाही. मला तो सिमेंटच्या गोण्या, नळ, चौकटी आणि वायरींची भेंडोळी अशाच रूपात दिसायचा. पैसा वेळेवर आला की गोदाम भरायचं. नाही आला की मी रिकाम्या फळ्या पुसत बसायचो.

पहिल्या इमारतीचा पाया खणायच्या आधीच फाटकापाशी एक सुटं घर उभं राहिलं. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी गॅलरी. आपल्याला काय मिळणार आहे ते लोकांना आधी दिसावं, म्हणून. त्याला सगळे नमुन्याचं घर म्हणत. ते झाडायला-पुसायला आणि येणाऱ्यांना दाखवायला एक बाई नेमल्या. त्यांची भाची तेव्हा कॉलेज सुटलं की त्यांना न्यायला यायची आणि फाटकातूनच "आत्याऽऽ" अशी हाक द्यायची. बघता बघता मुकादमापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या त्या आत्या झाल्या.

फक्त माझ्या झाल्या नाहीत. आपल्या बरोबरीच्या वयाच्या बाईला आत्या कसं म्हणायचं? नुसतं बाई म्हणणं तुटक वाटे. शेवटी मी "अहो" म्हणायला लागलो. त्याही मला "अहो" म्हणायच्या. मुकादम गालातल्या गालात हसायचा. "काय काका, घर नमुन्याचं, पण अहो अगदी खऱ्या घरातलं!" मी काहीतरी आठवल्यासारखं करून गोदामात शिरायचो. आत्या मात्र जागच्या हलायच्या नाहीत. म्हणायच्या, "मुकादम, तुला घरी कोणी अहो म्हणतं का? नाही ना? मग जळू नकोस."

नमुन्याच्या घरात सगळं खोटं होतं असं नाही, पण सगळं खरंही नव्हतं. नळाला पाणी नव्हतं. फ्रिज म्हणजे नुसतं खोकं. फळीवरची पुस्तकं पुठ्ठ्याची. आणि पलंग, कपाट, टेबल हे सगळं मुद्दाम जरा लहान मापाचं करून घेतलेलं. त्यामुळे खोली मोठी दिसते. इंजिनिअरने हे सगळं आत्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं. बादली दिसली की घर लहान दिसतं. झाडू दिसला की घर जुनं दिसतं. पडदे पूर्ण बाजूला सारायचे, दिवे दिवसाही लावायचे, टेबल भिंतीला चिकटवून न ठेवता किंचित तिरकं ठेवायचं. आत्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आपलं घर असतं तर आणखी काय केलं असतं, असा प्रश्न पडावा.

लोक यायचे तेव्हा मी गोदामाच्या दारात उभा राहून ऐकायचो. एकदा एक जोडपं आलं. बाईंनी खोलीच्या मध्यभागी उभं राहून चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "बाकी ठीक आहे हो, पण सासूबाईंना कुठे ठेवायचं?"

आत्यांनी गंभीरपणे विचारलं, "किती जागा लागते त्यांना?"

"जागा कमीच लागते. हवा जास्त लागते."

"मग गॅलरीकडची बाजू द्या."

नवरा मागून म्हणाला, "हे माझ्या आईबद्दल चाललंय की कपाटाबद्दल?"

आणखी एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी खोली बघितलीच नाही. थेट न्हाणीघरात गेले, संडासाच्या भांड्यावर कपड्यांसकट बसले, एकदा उठून बघितलं, परत बसले, परत उठले. "उठता येतंय," ते बाहेर येऊन म्हणाले. "अर्ज कुठे करायचा?"

दुपारी माणसांची ये-जा थांबली की आत्या थर्मासमधला चहा घेऊन त्या घराच्या पायरीवर बसायच्या. मी माझा कप घेऊन जायचो. माझी बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बायकांशी काय बोलतात हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आताही नाही. त्यामुळे त्या बोलायच्या आणि मी कपात बघायचो. एकदा कसा कोण जाणे, मी विचारलं, "या घरातलं तुम्हाला काय आवडतं?"

"कडी," त्या म्हणाल्या.

"कसली कडी?"

"दाराची. आतून लावायची. भावाच्या स्वयंपाकघराला दारच नाही हो. मी तिथे झोपते. कोणाला पाणी प्यायचं असलं की मला ओलांडून जावं लागतं. वहिनी फार जपून ओलांडते, आजवर कधी पाय लागू दिला नाही तिने. पण मला जाग येतेच. मग झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचं, नाहीतर तिला वाईट वाटतं."

त्यांनीही घरासाठी अर्ज केला होता. एकट्या माणसाला करता येत होता. पण अर्ज घरांच्या कितीतरी पट आले, तेव्हा असं ठरलं की ज्यांची राहण्याची जास्त अडचण त्यांना आधी घर द्यायचं. आणि ती अडचण खरी आहे का हे बघायला सरकारी खात्याचा माणूस घरोघरी जाणार होता.

आत्यांकडे तो यायचा होता त्या दिवशी त्या रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या हवेत तरंगतच.

"अहो, काय सांगू, घर ओळखू येत नव्हतं! वहिनीच्या वडिलांना खाटेसकट शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं. अंथरुणं वरच्या मजल्यावर. बादल्या जिन्याखाली. पडदे धुतले, दिवा नवीन लावला. आणि टेबल तिरकं ठेवलं, आपल्यासारखं."

"मग?"

"मग काय! साहेब दारातच थांबले. वा, म्हणाले, किती छान ठेवलंय घर! वहिनी तर अशी फुलली, म्हणाली, साहेब, आमच्या नणंदबाईंना इथे काही कमी नाही, आतली खोली त्यांचीच आहे. चक्क थाप! आता चारचौघांत तिला खोटं कसं पाडायचं? मीही मान डोलावली."

खरं सांगायचं तर ऐकून मलाही बरं वाटलं. मुकादम शेजारीच वाळूचा ट्रक रिकामा करून घेत होता. त्याने डोक्याला हात लावला.

"आत्या! साहेबाला घर दाखवायचं होतं की अडचण?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुम्ही त्याला नमुन्याचं घर दाखवलंत!"

आत्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पण माणूस पहिल्यांदा घरी येणार, आणि आवरायचं नाही?"

मुकादम परत वाळूच्या ट्रककडे वळला. आपल्याकडे कोणी यायचं असलं की आपण अडचण आधी दाराआड ढकलतो. ती बघायलाच कोणी येत असेल हे आपल्या ध्यानात कुठून येणार? आणि आत्यांचं तर पोटच त्यावर चाललेलं.

घरं मिळालेल्यांची नावं लागली त्यात त्यांचं नाव नव्हतं. त्या खात्याच्या कचेरीत जाऊन आल्या. खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं, तुमची सोय चांगली आहे, स्वतंत्र खोली आहे, तुमच्याहून गरजू लोक आहेत. मला वाटलं, आता या रागावतील, रडतील. त्या म्हणाल्या, "खरंच आहेत हो. रांगेत माझ्यापुढे एक बाई होती. तिचं ऐकून मलाच वाटलं, हिला आधी द्या." आणि उठून पडदे झटकायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी ते पडदे फारच वेळ झटकले.

पहिली इमारत भरली. रोज सामानाचे ट्रक येऊ लागले. आत्या फाटकात उभ्या राहून, जिना कुठे, पाण्याची टाकी कुठे, हे कौतुकाने सांगायच्या, घरमालकिणीसारख्या. मग तक्रारी यायला लागल्या. बस चालवणारा एक धिप्पाड माणूस तर तडक नमुन्याच्या घरातच शिरला.

"आत्या, तुमच्या खोलीत पलंग ठेवून वर चालायला जागा उरते. माझ्या खोलीत का नाही उरत? दार उघडलं की सरळ पलंगावरच पडायचं!"

"मग बरंच आहे की, थकून येतोस," आत्या म्हणाल्या. तोही हसला. पण तो गेल्यावर त्या पायरीवर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "मी फसवलं का हो यांना?"

"पलंग काही तुम्ही बनवला नाहीत," मी म्हटलं.

"दाखवला मीच ना."

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. दुसऱ्या इमारतीसाठी लोक घर बघायला आले की आत्या चपला काढून त्या पलंगावर आडव्या व्हायच्या. त्यांचे पाय घोट्यापासून बाहेर लटकायचे. "बघा, मी ही एवढीशी, तरी मावत नाही. तुमचा पलंग हातभर मोठा धरा आणि मग काय ते ठरवा." न्हाणीघरात त्यांनी खरी बादली आणून ठेवली. "ही इथे बसते. मग दार पूर्ण उघडत नाही. पण बसते."

इंजिनिअर वैतागला. "आत्या, तुम्हाला घर दाखवायला ठेवलंय की लोकांना परत पाठवायला?"

"एक तरी परत गेलं का, साहेब?"

गेलं नव्हतं. लोक हसायचे, त्यांचे लटकणारे पाय बघायचे, मनात मोजमाप करायचे आणि अर्ज करायचेच. घराची ओढ असलेल्या माणसाला हातभर जागेने काय फरक पडतो!

त्यानंतर सरकारकडून पैसा येणं थांबलं. का, ते आमच्यापर्यंत कधी पोहोचलं नाही. दुसरी इमारत अर्ध्यावर राहिली, वर नुसत्या सळया. मजूर दुसऱ्या कामांवर गेले. बघायला येणारे कमी होत होत बंद झाले. राहिलो आम्ही दोघं आणि फाटकावरचा रखवालदार. आत्या तरी रोज पडदे सारायच्या, दिवे लावायच्या, टेबलावरची धूळ पुसायच्या. कोणासाठी, असं मी विचारलं नाही. चहाला आम्हाला घाई नसायची. त्या इमारतीच्या सळयांकडे बघत म्हणायच्या, "थांबलंय ते एका अर्थी बरं. संपलं असतं तर माझ्यासाठी काही उरलंच नसतं. अजून आहे म्हणायला जागा आहे."

मी मान डोलवायचो. माझ्या उतारवयातले ते फार बरे दिवस होते. पण त्यांच्यासाठी ते नुसते वाट बघण्याचे दिवस होते हे मला दिसत होतं.

एका सकाळी मुकादम लांबून हात हलवत आला. सरकारने घरांसाठीचा पैसा वाढवला होता. अडलेली इमारत तर पुरी होणारच होती, शिवाय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तलावापलीकडे, नवीन वसाहत बांधायची होती. ज्यांना पहिल्या वेळी घर मिळालं नाही त्यांनी पुन्हा अर्ज करायचा नव्हता. फक्त पाहणी पुन्हा होणार होती.

"आणि या वेळी," मुकादमाने बोट नाचवत बजावलं, "काहीही आवरायचं नाही! अंथरूण तिथेच. बादली तिथेच. म्हातारेबुवा खाटेवरच. टेबल तिरकं केलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

आत्या त्या दिवशी चहाच्या वेळी अस्वस्थ होत्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, माझ्याच्याने राहवणार नाही. तुम्ही या ना त्या दिवशी."

"मी? मी येऊन काय करू?"

"कोपऱ्यात बसा. माझा हात फडक्याकडे गेला की खोकायचं."

"मुकादमाला न्या की."

"तो ओरडेल. तुम्ही खोकलात तर कोणाला कळणार नाही."

त्यांच्या घरी मी गेलो तो तेवढाच एकदा. दोन खोल्या. आतल्या खोलीत वहिनींच्या वडिलांची खाट आणि भाचीचं कपाट. बाहेरच्या खोलीचं अर्धं स्वयंपाकघर, अर्धं बाकी सगळं, टेबलासकट. ओट्याच्या खाली गुंडाळलेलं एक अंथरूण होतं आणि त्याच्या शेजारी, भिंतीवर, बसलेल्या माणसाचं तोंड दिसेल एवढ्याच उंचीवर खिळ्याला एक हातभर आरसा टांगलेला. आत्या केस तिथे विंचरत असणार. मी दुसरीकडे बघितलं.

पाहणीला या वेळी एक बाई आल्या होत्या. खांद्याला जड पिशवी, चेहरा थकलेला. त्यांना बसायला खुर्ची देताना आत्यांनी सवयीने खुर्चीचा हात पुसायला फडकं उचललं. मी खोकलो. फडकं खाली गेलं. बाई आतली खोली बघत होत्या तेवढ्यात आत्या जमिनीवरची बादली सरकवायला वाकल्या. मी खोकलो. त्या सरळ झाल्या. मग त्यांनी टेबलाकडे नुसतं पाहिलं, तरी मी खोकलो.

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "यांना खोकला कधीपासून आहे?"

मी खिशात रुमाल शोधू लागलो.

"हेही इथेच राहतात का?"

मला तोंड उघडता आलं नाही. उत्तर सोपं होतं, नाही एवढंच म्हणायचं होतं. आत्यांचे भाऊ गडबडीने म्हणाले, "छे छे, हे पाहुणे आहेत." आत्यांनी तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. माझे कान मात्र तापले होते, ते घरी पोहोचेपर्यंत तसेच.

मग बाईंनी वहिनींना विचारलं, "तुमच्या नणंद कुठे झोपतात?"

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. परका माणूस घरात बसलेला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"इथे," त्या म्हणाल्या. "ओट्याखाली पाय घालून. मागच्या वेळी मी साहेबांना सांगितलं, वेगळी खोली आहे म्हणून. ती खोली माझ्या वडिलांची. ताई कमावून घरात पैसे देतात, आजवर मला उलटून बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना जमिनीवर झोपवते, असं नवख्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?"

"आत्ता सांगितलंत ना," बाई म्हणाल्या. "झालं तर."

"तसं काही वाईट नाही हो तिथे," आत्या लगेच म्हणाल्या. "उकाड्यात चांगलं गार असतं."

इथे मी खोकायला हवं होतं. पण खोकला आला नाही.

बाई जिना उतरतात न उतरतात तोच नणंद-भावजय दोघी कामाला लागल्या. एकीने अंथरूण उचललं, दुसरीने बादली. मला चहा मिळाला तो आवरलेल्या घरात, पुसलेल्या टेबलावर.

या वेळी नाव लागलं. तलावापलीकडच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. मुकादमाने सगळ्या कामगारांना बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या आणि आत्या त्याच्यावर ओरडल्या, "अरे, अजून पायासुद्धा खणला नाही!" ते खरंच होतं. घर हाती यायला पुढे बराच काळ गेला. तोवर आमची दुसरी इमारत पुरी होत आली आणि नमुन्याचं घर पाडायचं ठरलं. त्या जागी गाड्या लावायच्या होत्या.

आदल्या दिवशी आत्यांनी पडदे काढले, घरी नेऊन धुतले, इस्त्री केली आणि सकाळी गोदामात आणून दिले. "जमा करून घ्या," म्हणाल्या. मी घेतले. त्या दारात उभ्या राहिल्या. मी त्या दिवशी त्यांना काहीतरी म्हणणार होतो. काय, ते अजूनही मला नीट सांगता येणार नाही. बरेच दिवस मनात जुळवत होतो. तेवढ्यात बाहेरून मुकादमाने आरोळी ठोकली, "काका, पहारी द्या, मशीन आलंय!" मी पहारी द्यायला गेलो. परत आलो तेव्हा त्या फाटकापाशी भाचीबरोबर उभ्या होत्या आणि घर पडताना बघत होत्या. लहान घर, पटकन पडलं.

माझी नोकरीही त्याच सुमारास संपली. मुलाची बदली झाली आणि मी त्याच्याबरोबर दुसऱ्या शहरात आलो. त्यामुळे आत्या आपल्या घरात राहायला गेल्या हे मला फोनवरच कळलं.

"कडी लावली का?" मी विचारलं.

"लावली. आणि लगेच काढली. वहिनी बाहेरच राहिली होती, हातात माझी बादली घेऊन. म्हणते कशी, ताई, पहिल्याच दिवशी मला बाहेर काढलंत?"

"मग?"

"मग ती गेल्यावर परत लावली." त्या म्हणाल्या, "अहो, काय झोप लागली!"

त्यानंतर त्या अधूनमधून फोन करायच्या. मी आपणहून क्वचितच केला. काय बोलायचं ते सुचायचं नाही. त्या मला ते घर फोनवरून दाखवायच्या, पूर्वी लोकांना दाखवायच्या तसंच. दारातून आत आलात की डाव्या हाताला चपला, उजवीकडे खिडकी, समोर पलंग, चांगला लांब, पाय मावतात. त्याच इमारतीतले जिने झाडायचं काम त्यांना मिळालं होतं. खालच्या मजल्यावर कोण, वर कोण, कोणाचं कोणाशी पटत नाही, मला सगळं पाठ झालं होतं. "या की एकदा," त्या दर वेळी म्हणायच्या. "येतो," मी म्हणायचो. दोन गाड्या बदलून जावं लागे. कधी गुडघा आडवा आला, कधी मुलाला रजा नसायची. कधी सगळं जमायचं आणि मलाच वाटायचं, त्या आपल्या सहज म्हणत असतील, माणूस म्हणतोच तसं.

त्यामुळे मी त्यांना त्यांच्या घरात कधी पाहिलं नाही. डोळे मिटले की त्या दिसतात त्या फाटकापाशीच. भाचीने सांगितलं, खिडकीत एक झाड आहे, भिंतीला फिकट पिवळा रंग आहे. मी ते मनातल्या मनात लावून बघतो. जमत नाही.

आमचं शेवटचं बोलणं झालं तेव्हा ते शेवटचं आहे असं काही वाटलं नव्हतं. त्यांचा फोन आला होता. मला अलीकडे ऐकू कमी येतं, म्हणून त्या जरा मोठ्याने बोलत होत्या.

"ऐकू येतंय का हो?"

"येतंय. बोला."

"काही नाही, सहजच केला. जेवलात?"

"जेवलो. तुम्ही?"

"व्हायचंय अजून. आज उशीर झाला. शेजारची पोरगी येऊन बसली होती, उठायलाच तयार नाही."

"बरं."

"गुडघा काय म्हणतो?"

"आहे तिथेच आहे."

त्या हसल्या. "मग या त्याला घेऊन एकदा."

"येतो. थंडी जरा कमी होऊ दे."

"बरं. ठेवू का? दूध आहे गॅसवर."

"ठेवा, ठेवा. आधी बघा ते."

"बघते."